बियाची गोवरी

आमच्या घरी अंघोळीचा दगड टमाट्यांच्या वाफ्यात होता. आधी तो चारचौघांच्या घरासारखा मागच्या दाराशी होता, पण बहात्तरच्या दुष्काळात मायनं तो पहारीनं उपटला, लोळवत लोळवत परसात नेला आणि भिंतीकडेच्या पाच रोपांच्या मधोमध बसवला. टँकरचं पाणी घरात घागरीनं यायचं आणि त्यातला थेंब न थेंब दोनदा कामाला यायचा, एकदा आमच्या अंगावरून आणि मग टमाट्यांच्या मुळाशी. दादा, म्हणजे माझे वडील, शनिवारी घरी आले की त्या दगडावर उभे राहून अंघोळ करत, तेव्हा त्यांच्या पोटऱ्यांना दोन्ही बाजूंनी पानं घासायची. "सरू, मला न्हाऊ घालतीस का रोपाला पाणी पाजतीस?" असं ते ओरडायचे. माय म्हणायची, "रोपालाच. तुमी निमित्त." साबणाला बंदी होती. साबणाच्या पाण्यानं मुळं करपतात असं तिचं म्हणणं. त्या वर्षी आम्ही तिघं जरा मातकटच राहिलो, टमाटे मात्र टवटवीत होते.

त्या टमाट्यांचं रूप सांगायला हवं, कारण आता ते कुठं दिसत नाहीत. मी हल्ली बीडमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहते. खाली भाजीचा गाडा येतो, त्यावरचे टमाटे चेंडूसारखे एका मापाचे आणि इतके टणक की परवा पिशवीतून एक निसटला तो सगळा जिना उतरून खाली गेला तरी त्याला ओरखडा नाही. आमचे चपटे होते, अंगावर पाकळ्या पाडलेल्या, देठाशी पिकल्यावरही हिरवट, आणि साल एवढी पातळ की नख लागलं की रस. ते बी मायच्या आईचं, सिरसाळ्याकडचं. लग्नात मायला चार भांडी मिळाली, एक लुगडं मिळालं आणि निघताना तिच्या आईनं पदराच्या टोकाला बियाची गाठ मारून दिली. आमच्याकडे तशी रीतच होती. दोडक्याचं, भोपळ्याचं, घरी जे असेल ते बी पोरीच्या पदरात जायचं, म्हणजे सासरच्या मातीत तिचं स्वतःचं काहीतरी उगवायचं. ती आजी मी पाहिली नाही. तिच्यामागं माहेरचा वाफा मोडला, विहीर आटली, मामा ऊसतोडीला गेले ते तिकडंच राहिले. लागोपाठ दोन वर्षं मायची रोपं पाण्यावाचून जळाली होती, आणि गाडग्याच्या तळाशी जे चिमूटभर बी उरलं होतं ते सगळं तिनं त्या हिवाळ्यात टाकलं. पाच रोपं जगली. मायचं माहेर म्हणून जे काही शिल्लक होतं ते एवढंच. ती हे कधी बोलली नाही, पण संध्याकाळी रोपांपाशी बसली की ती माझी आई वाटायची नाही, कुणाची तरी मुलगी वाटायची.

दादा चौसाळ्याच्या रस्त्याला सोसायटीच्या छावणीवर राखणदार होते. चाऱ्यावाचून मरणारी जनावरं सोसायटीनं तिथं दावणीला बांधली होती, आमची गायही तिथंच होती. सोसायटी हा शब्द उच्चारताना दादांचा आवाज आपोआप चढायचा. दूध सोसायटीचं, खत सोसायटीचं, आणि आता दुष्काळातून काढणार तीही सोसायटीच. एका शनिवारी त्यांनी कागदाच्या पुडीत अळी मारायची पांढरी पावडर आणली. मायनं पुडी हुंगली आणि लांब धरली. "ज्यानं अळी मरती ते लेकरानं खाल्ल्यावर काय हुईल, ते इचारलं का सोसायटीला?" दादा म्हणाले, "तिथं साहेब लोक हायती, शिकलेले." माय म्हणाली, "मंग साहेबाच्याच कालवणात टाका." पुडी वळचणीला खोचली गेली ती तिथंच राहिली.

मायची दवा म्हणजे चुलीतली राख. पहाटे पानांवर थोडी ओल असते, तेव्हा फडक्यातून राख चाळून ती पानांवर धरायची. मग मी बाभळीचा काटा घेऊन अळ्या टिपायची. हिरवी अळी हिरव्या देठाला अशी चिकटून बसते की तिला शोधायला डोळ्यांपेक्षा बोटं बरी. प्रत्येक फळाला मायनं जुन्या पोलक्याच्या चिंध्यांची पिशवी शिवून बांधली होती, त्यामुळे लांबून आमची झाडं झबली वाळत घातल्यासारखी दिसायची. साळुंक्या आणि बुलबुल तरी चोच मारायचेच. मग मी गेरूनं रंगवलेले मातीचे गोळे फांद्यांना लटकवले. पाखरं येत, गोळ्यावर चोच आपटत, मान तिरकी करून माझ्याकडं बघत. चार दिवस फसली, पाचव्या दिवसापासून त्यांनी गोळे सोडले आणि पिशव्या फाडायला सुरुवात केली. त्यांना भूक नव्हती, तहान होती, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा कळलं असतं तरी घागरीतलं पाणी मी पाखरांना दिलं असतं का, माहीत नाही.

जेवायला मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची तांबडी भाकरी असायची, रेशनवरची. ती थंड झाली की घशाखाली उतरायची नाही. मग माय एखादा किडका, चोचवलेला टमाटा चुलीच्या राखेत भाजायची, साल ओढायची आणि लसूण, हिरवी मिरची, मीठ घालून पाट्यावर रगडायची. पाट्यावरून ते निघताना जो वास सुटायचा त्यानं तोंडाला पाणी सुटून कानशिलं दुखायची. तेवढं एक बोट कोरड्यास आणि तिघांच्या तीन भाकरी. मी बऱ्याच ठिकाणी जेवले आहे, लग्नांत, हॉटेलांत, पण जेवताना डोळे मिटावेत असं पुन्हा काही खाल्लं नाही.

शेळ्यांसाठी मायकडे दोन उपाय होते. वाफ्याभोवती बाभळीच्या फांद्यांचं कुंपण, आणि पानांवर शेणाचं पाणी. शेणाचा वास आला की शेळी पानाला तोंड लावत नाही. पण गाय छावणीत, म्हणजे शेण शनिवारी, दादांनी पाटीतून आणलं तरच. शुक्रवारपर्यंत तो वास उडून जायचा. आमच्या बौद्धवाड्याला लागून धनगरांची चार घरं होती, आणि त्यातलं भिंतीला भिंत लागून घर गोदामावशीचं. ती शेळ्या राखायची. तिची आणि मायची भिंतीवरून दिवसभर बोलणी चालायची. ती आम्हाला वाटीभर शेळीचं दूध द्यायची, माय तिला टमाटे द्यायची. शिजलेलं ती आमच्या घरचं घ्यायची नाही, कच्चं चालायचं, आणि दोघींनाही त्यात बोलण्यासारखं काही वाटत नव्हतं.

माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. माझी शाळा सकाळची, म्हणून दुपारची राखण माझ्याकडं होती. त्या दुपारी मला अजून स्वप्नात येतात. मी अंघोळीच्या दगडावर पाय सोडून बसायची, डोक्यावर ओलं केलेलं फडकं. गाव सगळं कामावर गेलेलं, रस्ता पांढरा, कुठं आवाज नाही. भिंतीची सावली आधी हातभर असायची, मग वीतभर व्हायची, मग पायाशी येऊन नाहीशी व्हायची. उन्हात पिशव्यांमधून फळांचा लाल रंग झिरपायचा. टमाट्याच्या पानांना एक कडवट हिरवा वास असतो, तो बोटांना लागला की जात नाही. मी बोटं नाकाशी धरून डोळे मिटायची आणि मला वाटायचं की पानांमागं आजीचं गाव आहे, तिथं विहिरीला पाणी आहे, मोटेचा कर्र कर्र आवाज येतो आहे, आणि मी कधी न पाहिलेली एक बाई वाफ्यातून वाकून चालते आहे. एका दुपारी तिच्या मागं मागं मीही निघाले. तिच्या कमरेला घुंगरू बांधलेलं होतं. किणकिण, किणकिण. मला नवल वाटलं की बाईच्या कमरेला घुंगरू कसं, आणि त्याच नवलात जाग आली.

घुंगरू बिजलीचं होतं, गोदामावशीच्या पांढऱ्या कानाच्या शेळीचं. किणकिण भिंतीपलीकडं लांब जात होती. कुंपणाची एक फांदी बाजूला पडली होती. चार रोपांचे नुसते दांडे उरले होते, शेंड्यापासून बुडापर्यंत साफ, फळांसकट. पिशव्या चावून जमिनीवर टाकलेल्या. पाचवं रोप कोपऱ्यात होतं म्हणून वाचलं, त्यावर तीन हिरवी फळं होती.

माय संध्याकाळी आली. तिनं पाहिलं आणि डोक्यावरची घमेल्याची चुंबळ तशीच ठेवून ती खाली बसली. मग विचारलं, "झोपली व्हतीस?"

"न्हाई," मी म्हटलं. "पानी प्यायला घरात गेलते, तेवढ्यात."

हे मी ठरवून बोलले नाही, तोंडातून निघालं. पण निघालं ते निघालं. राखणदार जागा आहे आणि क्षणभर आत गेला तेवढ्यात शेळी आली, म्हणजे शेळीचा धनी टपूनच बसला असणार, असा त्याचा अर्थ होतो हे मला कळलं नाही. मायला तो लगेच कळला. ती तशीच उठली आणि गोदामावशीच्या दारात गेली. मी तिच्यामागं.

"मुकं जनावर हाय सरू," गोदामावशी म्हणाली, "त्याला काय कळतंय?"

"जनावर मुकं हाय, तुला तर डोळे हायती! पोर आत गेलेली बघितलीस अन् सोडलीस. मुद्दाम सोडलीस तू."

गोदामावशीनं मायकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून भिंतीवरची बोलणी बंद झाली, दुधाची वाटी बंद झाली. आधीच दुष्काळ, त्यात हा तेरावा महिना.

उरलेल्या तीन फळांपैकी एकात अळी शिरली. दुसरं बुलबुलानं फोडलं. तिसऱ्यासाठी मात्र मी डोळ्यांत तेल घातलं. झोप येऊ नये म्हणून उभी राहून राखण केली, हातात दादांची काठी घेऊन, एका टमाट्याची. आता हसू येतं. मायनं ते फळ पार पिकू दिलं, देठ सुकून साल फुटायला आली तेव्हाच तोडलं. आम्ही ते खाल्लं नाही. गर वाटीत काढून दोन दिवस आंबवला, बी धुतलं, राखेत चोळलं आणि दादांनी आणलेल्या गाईच्या शेणात कालवलं. त्याची एकच गोवरी तिनं मागच्या भिंतीला, वळचणीखाली, इतर गोवऱ्यांपासून वीतभर वर थापली. शेणात ठेवलेल्या बियाला किडा लागत नाही, उंदीर शिवत नाही. पावसाळ्याच्या तोंडी गोवरी फोडायची आणि तशीच वाफ्यात पसरायची. थापून झाल्यावर तिनं हात पुसले आणि म्हणाली, "आता घोर न्हाई." त्या रात्री ती किती दिवसांनी आमच्याआधी झोपली.

पुढचं लिहायला मी आठवडाभर टाळाटाळ केली. गॅलरीतल्या कुंड्या साफ केल्या, डबे घासले. लिहायचं म्हटलं तर फार नाही. एका शनिवारी दादा आले ते सोसायटीच्या सेक्रेटरींना घेऊनच आले. सेक्रेटरी लिंबागणेशला निघाले होते, आमच्या गावाजवळ त्यांच्या सायकलची साखळी तुटली. दादांनी ती दारात बसून जोडली. सेक्रेटरी खाटेवर बसले, टोपी काढून वारा घेतला आणि म्हणाले, "चहा मिळेल का हो?"

आमच्या घरी, आमच्या कपात, गावातल्या कुणी मोठ्या माणसानं तोवर चहा मागितला नव्हता. दादांचा चेहरा मला अजून दिसतो. ते आत आले आणि हळूच म्हणाले, "मंगल, जल्दी कर पोरी. साहेब चहा घ्यायलेत आपल्या घरी." माय कामावर होती. मी पातेलं ठेवलं, चुलीत काटक्या घातल्या. काटक्या भर्रकन पेटल्या आणि विझल्या, पाणी नुसतं कोमट. धूर मात्र घरभर, आणि बाहेरून दादांचं खाकरणं. मी मागच्या भिंतीकडं पळाले. गोवऱ्या चार होत्या, तीन ओल्या होत्या. वाळलेली एकच होती, ती मी टाचा उंचावून ओढली.

त्या क्षणी मला माहीत होतं की नव्हतं? एवढं आयुष्य गेलं, मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. एवढंच आठवतं की गोवरी हातात आली तेव्हा ती मला हलकी वाटली आणि मी धावतच होते. चुलीत घातली, फुंकर मारली, जाळ लागला. पाण्याला आधण आलं. मग चुलीतून तडतड ऐकू आली. बारीक, मोहरी फुटते तशी. मी चिमट्यानं गोवरी बाहेर ओढली, अंगणात आपटली, पायानं तुडवली. आत राखेशिवाय काही नव्हतं. बाहेर सेक्रेटरी बशीत चहा ओतून पीत होते. "झकास केलाय पोरीनं," ते म्हणाले, आणि दादा हसत होते, इतके हसत होते.

पाटीत नवं शेण होतं. माय यायच्या आत मी त्यात राख कालवली, त्याच जागी गोवरी थापली आणि ती वाळलेली दिसावी म्हणून वरून राख फासली. माय आली, दादांनी तिला सेक्रेटरींची गोष्ट तीनदा सांगितली. ती मागं हात धुवायला गेली, परत आली, भाकरी थापायला बसली. मला वाटलं, सुटले.

मग पाऊस आला. त्याचं वर्णन मी करत नाही, ते सगळेच करतात. गाय छावणीतून परत आली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. मायनं वाफा उकरला, वळचणीची गोवरी काढली, मांडीवर ठेवून फोडली, बोटांनी चुरली आणि मातीत पसरली. मी शेजारी उभी होते. आठ दिवस गेले. माय रोज सकाळी तांब्याभर पाणी घेऊन वाफ्यापाशी जायची, हातानं शिंपडायची, वाकून बघायची. मी मागं जाऊन उभी राहायची. दहा दिवस गेले. गवत उगवलं, तांदुळजा उगवला. ती तेवढं उपटायची आणि पुन्हा पाणी शिंपडायची, ओल्या मातीवरही. बोलायचं ठरवून मी झोपायची, आणि सकाळी तिची वाकलेली पाठ पाहिली की जीभ उचलायची नाही.

एका दुपारी शाळेतून येताना गोदामावशीच्या वाड्यावरून चालले होते, म्हणजे तिच्या शेळ्या कोंडायच्या जागेवरून. कुडाच्या कडेला लेंड्यांचा ढीग होता आणि पाऊस पिऊन तो काळा झाला होता. त्यावर हिरवं काहीतरी दाट उगवलं होतं. मी वाकले, एक पान चुरगळलं, बोटं नाकाशी नेली. डोळ्यांपुढं एकदम दुपार उभी राहिली, पांढरा रस्ता आणि झिरपता लाल रंग. पंधरा-वीस रोपं असतील. बिजलीनं खाल्लेलं बी तिच्या पोटातून सहीसलामत निघालं होतं. आणि रोपांभोवती कुणीतरी बाभळीच्या फांद्या रचल्या होत्या, शेळ्यांनी तोंड लावू नये म्हणून.

"काय हुडकायलीस गं?" गोदामावशी मागं उभी होती.

"काई न्हाई. हितून जायले व्हते."

"ताकाला येऊन भांडं कावून लपवतीस? तुज्या मायचीच रोपं हायती. ती येईल म्हून ठिवली."

मग मला रडू फुटलं. मी तिला गोवरीचं सगळं सांगितलं, चहाचं, तडतडीचं, खोट्या गोवरीचं. तिनं ऐकून घेतलं. पदरानं माझं नाक पुसलं. मग म्हणाली, "अन् दुसरं?"

"दुसरं काय?"

"त्या दिवशी बिजलीला तुज्या वाफ्यातनं वडून काढली कुनी? मीच की. तू दगडावर मान टाकून झोपली व्हतीस. घामानं थबथबलेली. उठवावं वाटलं न्हाई." तिनं खुरपं उचललं. "तुजी माय मला मुद्दाम म्हनली तवा तू तिच्यामागं हुभी व्हतीस. मी तुज्याकडं बघितलं, मंगल. लई लागलं मला ते."

"मंग सांगितलं कावून न्हाई?"

"चार रोपं गेल्याली, त्या टायमाला तिचं डोस्कं फिरल्यालं. तुला झोडपलं असतं तिनं." तिनं खुरप्यानं बुडाशी मातीचा गोळा धरून रोपं सोडवली, टोपल्यात ठेवली. "ने. पर चोरून लावू नगं. आदुगर मायला सांग."

चोरून लावायचंच माझ्या मनात होतं. वाटेत पुन्हा आलं. माय कामावरून यायला वेळ होता, वाफा तयार होता, ओल होती. दहा-बारा रोपं मातीत दाबली की झालं, उद्या सकाळी ती वाकून बघणार आणि बी उगवलं म्हणणार. कुणालाच काही कळणार नव्हतं. मी परसात गेले, तर माय आधीच आलेली. वाफ्यापाशी उकिडवी बसून हातानं पाणी शिंपडत होती.

तिनं टोपल्याकडं पाहिलं. एक पान हातात घेतलं, हुंगलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी टोपलं खाली ठेवलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं. वाळलेली गोवरी ती एकच होती, मी जाळली. भिंतीवरची मी थापली, तिच्यात बी नव्हतं.

"ठाव हाय मला," माय म्हणाली.

"कवापासून?"

"त्याच सांजेला. हात धुवायला गेले तवा बघितलं. माजी पाच बोटं कुठं अन् तुजी कुठं. तुजा पंजा बसला व्हता तिच्यावर, एवढासा." तिनं दोन बोटांनी माप दाखवलं. "रडले की मंग. कामावर गेल्यावर रडले."

"मंग ती फोडून मातीत कावून टाकलीस? रोज पानी कावून घातलंस?"

"तू रोज सकाळी माज्या मागं येऊन हुभी ऱ्हायचीस. म्हटलं, आज सांगल. न्हाई तर उंद्या सांगल."

मी तिच्या शेजारी चिखलात बसले. इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही, आणि इतकं हलकंही. ती खड्डे करत होती, मी रोपं धरत होते. तीन रोपं लावून झाल्यावर मी म्हटलं, "अजून एक हाय." आणि झोपेचं सांगितलं. पाणी प्यायला गेलेच नव्हते, झोपले होते, आणि गोदामावशीनं शेळी ओढून नेताना मला पाहिलं होतं, उठवलं नाही.

हे मात्र मायला माहीत नव्हतं. तिचा हात मातीत होता तिथंच थांबला. मला वाटलं, आता मारणार. तिनं मारलं नाही. तिचा चेहरा असा झाला की मला माझी लाज विसरायला झाली. "तिला काय काय बोलले गं मी," ती म्हणाली. आणि उठली.

"हात तरी धू," मी म्हटलं.

ती थांबली नाही. कोपरापर्यंत चिखल तसाच घेऊन कुंपणाच्या फटीतून निघाली, पदर काट्याला अडकला तो तिनं न बघता ओढला. गोदामावशीच्या घरातून जात्याची घरघर येत होती. माय तिच्या दारात जाऊन उभी राहिली. तिची पाठ मला दिसत होती, ती काय बोलली ते त्या घरघरीत ऐकू आलं नाही. जातं थांबलं, आणि बराच वेळ पुन्हा सुरू झालं नाही.